मदत हवी आहे: ११० टेबलांसाठी व्हीडीआय (सर्व्हरवर चालणारे डेस्कटॉप), पण २० जणांतच दम लागतोय

मंडळी, मी एका नागरी पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक पोरगा. मुख्य कार्यालयात ६० टेबलं, नऊ शाखांत मिळून ५०. निम्म्याहून जास्त पीसी चौथ्या पिढीच्या आय-३ चे, त्यांवर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. संचालक मंडळाचं म्हणणं, पीसी बदलत बसू नका. एकदाच सर्व्हर घ्या, टेबलावर थिन क्लायंट (सर्व्हरवरचा डेस्कटॉप नुसता दाखवणारा छोटा डबा) ठेवा.

पुरवठादाराने २० जणांची चाचणी लावून दिली. प्रत्येकाला स्वतंत्र विंडोज ११, २ व्हीसीपीयू (सर्व्हरच्या प्रोसेसरचा वाटा), ८ जीबी रॅम. खाली १० हजार आरपीएमच्या सहा सॅस (फिरत्या) डिस्क, रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती टिकेल अशी जोडणी). दुपारी सुरळीत चालतं. सकाळी दहाला सगळे एकदम लॉगिन करतात आणि पुढची वीस मिनिटं पडद्यावर नुसतं गोल फिरतं. काल पासबुक घेऊन उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "खतावणी कधी अशी फिरत नव्हती." सीपीयू ३०% च्या आत, रॅम शिल्लक, तरी पुरवठादार म्हणतो रॅम वाढवा.

माझं गणित असं. एका डिस्कचे १३० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या खेपा) धरले तर सहांचे ७८०. डेस्कटॉपचं काम ८०% लिहिण्याचं धरलं, आणि रेड-५ मध्ये एका लिहिण्यामागे डिस्कच्या चार खेपा. हातात उरले जेमतेम २३०. माणशी १५ धरले तरी २० जणांना ३०० लागतात, ११० जणांना १६५०. लॉगिनची झुंबड वेगळीच. चुकत असेन तर कान धरा.

दुसरं, आमचं काम ब्राउझरमधलं सीबीएस (बँकिंगची मुख्य प्रणाली), एक्सेल आणि मराठी पत्रं एवढंच. त्याला स्वतंत्र डेस्कटॉप खरंच लागतो का?

जुनाॲडमिन: गणित बरोबर आहे, रॅमचा संबंध नाही. त्याच डिस्क रेड-१० (लिहिण्यामागे दोनच खेपा) केल्या तरी ४३० च्या आसपास थांबाल. एसएसडीच लागतील.

पण त्याआधी तुमचा दुसरा प्रश्न. मी आरडीएसच (एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकांनी एकदम काम करायची सोय) घेईन. एका विंडोज सर्व्हर व्हीएमवर (आभासी संगणकावर) २०-२५ जण, अशा पाच-सहा व्हीएम, दोन यजमान (प्रत्यक्ष) सर्व्हरवर वाटलेल्या. प्रत्येक सर्व्हर एकट्याने सगळा भार पेलेल एवढा घ्या, नाहीतर एक बसला की संस्था बसली. कनेक्शन ब्रोकरही (कोणाला कुठल्या व्हीएमवर पाठवायचं ते ठरवणारा) दोन ठेवा. लोक नेमकं हेच विसरतात. प्रोफाइल (प्रत्येकाची सेटिंग्ज आणि फायली) एफएसलॉजिक्समध्ये (त्या वेगळ्या साठवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन), वेगळ्या एसएसडीवर.

आणि आरडीएस कॅल (माणशी किंवा यंत्रामागे लागणारे परवाने) कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. त्यांच्याशिवाय १२० दिवस सगळं गोड चालतं, तोवर पुरवठादाराचं बिल निघालेलं असतं. स्वतंत्र विंडोज ११ च हवं असेल तर थिन क्लायंटमागे व्हीडीए परवाना (सर्व्हरवरचं विंडोज ११ वापरण्याचा) लागतो, तो विचारलात का?

शाखा_क्रमांक_४: आम्ही यातून गेलोय. सर्व्हर नाही, पासबुक प्रिंटरने रडवलं. ईझी प्रिंट (आरडीएसमधली, सर्व्हरवर ड्रायव्हर न टाकता छापायची सोय) पान चित्र करून पाठवतं, डॉट मॅट्रिक्स कुथत बसतो आणि ओळी सरकतात. सर्व्हरवर मूळ ड्रायव्हर टाका. चाचणी सगळ्यात जुन्या प्रिंटरवर करा.

थिन क्लायंटवर पैसे घालू नका, त्याच आय-३ वर हलकं लिनक्स चालतं. डिजिटल सहीच्या टोकनसाठी मात्र एक धड पीसी बाजूला ठेवा.

धागाकर्ता: व्हीडीए हा शब्द कोटेशनमध्ये कुठेच नाही. ते परत पाठवलं. दोन एसएसडी उसन्या मिळाल्यात. शनिवारी काउंटर बंद झाल्यावर ४० जणांना एकदम लॉगिन करायला लावतो, चहा-भज्यांच्या बोलीवर सगळे थांबायला तयार आहेत. तोवर एकच सांगा: लिनक्सवरून आरडीएसमध्ये शिरल्यावर मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक कुठे लावायचा, इकडे की सर्व्हरवर? पोराने दोन्हीकडे लावला आणि 'कर्ज' लिहिलं की भलतंच काहीतरी उमटतंय.