हाडात स्क्रू नको, चेहऱ्यावरून लेझर पुरे?

वाशीकर: नेव्हिगेशनवर, म्हणजे हत्याराचं टोक स्कॅनमध्ये कुठे आहे ते स्क्रीनवर बघत, डोकं उघडायचं तर आधी स्कॅन आणि टेबलावरचं डोकं यांची सांगड घालावी लागते, तेच रजिस्ट्रेशन. कवटीत खुणेचे स्क्रू ठोकून ते करायची गरज आता फार थोड्या केसेसना उरली आहे, असं माझं ठाम मत. कपाळ, नाकाचा दांडा, डोळ्याच्या खोबणीची कड यांवरून त्वचेचा आकार टिपणारा लेझर फिरवला की झालं. वरवरची गाठ असेल तर 2-3 मिमीची चूक चालते. ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडून मेंदूभोवतीचं पाणी वाहिलं की मेंदू कधी सेंटीमीटरभरही खाली बसतो. स्क्रूने कमावलेला एक मिमी मग कुठे राहिला?

घोडबंदर_ओटी: मेंदू बसतो, कानामागचं हाड बसत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटला (आतल्या कानात बसवायचं श्रवणयंत्र) फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) आणि कॉर्डा टिंपनी (चवीची नस) यांच्यामधली फट जेमतेम 2-3 मिमी. तिथे तुमची चालणारी चूक म्हणजे ड्रिल थेट नसेवर. शिवाय लेझरचे सगळे बिंदू पुढे चेहऱ्यावर, त्यामुळे डोक्याच्या मागच्या भागाकडे चूक वाढत जाते. पेशंट पालथा असेल तर चेहरा हातीच लागत नाही.

वाशीकर: स्क्रीनवर रजिस्ट्रेशनची चूक 1.2 मिमीच आली तरी लेझर नको?

घोडबंदर_ओटी: तो आकडा खुणा आपसांत किती जुळल्या एवढंच सांगतो. लक्ष्यावरच्या चुकीशी त्याचा संबंध नसतो, हे या विषयातले संशोधक फिट्झपॅट्रिक यांनी 2009 मध्ये गणिताने दाखवलंय. पॉइंटर नाकाच्या मुळाशी आणि दोन्ही ट्रॅगसवर (कानाच्या भोकापुढचा उंचवटा) टेकवून बघा. बाहेर टोक त्वचेवर आणि स्क्रीनवर 3 मिमी आत घुसलेलं दिसलं, तर आकडा कितीही गोड असो, रजिस्ट्रेशन पुन्हा करा.

कळवा_सीटी: दोघेही स्कॅन विसरताय. पेशंट बाहेरून स्कॅनच्या 5 मिमी जाड कापांची सीडी घेऊन येतो आणि दोष लेझरला! काप 1 मिमी किंवा कमी, गँट्री (सीटीचं गोल कडं) सरळ, नाकाचं टोक, दोन्ही कान, माथा सगळं आत हवं. कपाळावर पट्टा आवळू नका, त्वचा दबते आणि लेझर तीच दबलेली त्वचा शोधत बसतो. त्वचेवर चिकटवायचे, स्कॅनमध्ये दिसणारे मार्कर असतील तर 6 ते 8, पसरून, एका रेषेत नकोत, आणि प्रत्येकाभोवती पेनने गोल काढा. आपल्याकडच्या घामात ते सरकतात, गोल असला की निदान कळतं. कानाच्या कामाला वरच्या दातांवर बसणारा मार्करवाला साचाही आहे, स्क्रूशिवाय. फक्त स्कॅनला आणि टेबलावर तो तसाच घट्ट बसला पाहिजे.

वाशीकर: हे पटलं. पण दातच नसतील तर?

घोडबंदर_ओटी: मग स्क्रू.