घरासाठी हीट पंप : टिकाऊ कोणत्या कंपनीचा, आणि जास्तीची किंमत नेमकी कशासाठी मोजायची?

नवीन_छप्पर (प्रश्न) :

नमस्कार. आमच्या सुमारे दीड हजार चौरस फुटांच्या दुमजली घरातला गॅसवरचा बॉयलर अखेरच्या घटका मोजतो आहे, म्हणून त्याच्या जागी बाहेरच्या हवेतून उष्णता खेचणारा हीट पंप बसवायचे आम्ही ठरवले आहे. रेडिएटर जुनेच राहतील. हाती तीन दरपत्रके आहेत : डायकिन, व्हेलंट आणि मिडिया. तिसरे दरपत्रक पहिल्या दोहोंपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आहे. तिघांनीही १२ किलोवॉटचे यंत्र सुचवले आहे आणि तिन्ही माहितीपत्रकांत सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णतेची युनिटे) चारच्या वर छापलेला आहे. कडाक्याच्या रात्री आमच्याकडे पारा उणे ७ पर्यंत उतरतो. यांपैकी अधिक भरवशाची कंपनी कोणती, आणि महागड्या यंत्रासाठी दिलेले जास्तीचे पैसे वीजबिलातून परत मिळतात का, हे जाणकारांनी सांगावे.

आकडेमोड :

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा सीओपी बहुधा बाहेर ७ अंश आणि पंपातून निघणारे पाणी ३५ अंश, अशा सौम्य परिस्थितीत मोजलेला असतो. जुन्या रेडिएटरांना ऐन थंडीत सहसा ४५ ते ५५ अंशांचे पाणी लागते. बाहेर शून्य अंश असताना ३५ अंशांच्या पाण्यासाठी भौतिकशास्त्राने घातलेली सीओपीची कमाल मर्यादा ८.८ आहे, ५५ अंशांसाठी तीच मर्यादा ६ च्या खाली येते, आणि प्रत्यक्षातले यंत्र या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपासच पोचते. त्यामुळे आपण तिन्ही कंपन्यांकडून उणे ७ अंश बाहेर आणि ५५ अंश पाणी या स्थितीतला सीओपी आणि उष्णताक्षमता, असे दोन्ही आकडे लेखी मागून घ्यावेत. १२ किलोवॉटचा शिक्का असलेले यंत्र त्या स्थितीत किती देते हे पाहिल्यावर तीन माहितीपत्रके एकसारखी दिसणार नाहीत.

आता पैशांचे. घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते असे धरू. सीओपीची वर्षाची सरासरी २.५ पडली तर विजेची ४,८०० युनिटे जातात, ३ पडली तर ४,०००. म्हणजे अर्ध्या गुणाने ८०० युनिटे वाचली. पण ४ वरून ४.५ वर गेल्यास ३,००० ची २,६६७ होतात, म्हणजे तोच अर्धा गुण आता जेमतेम ३३३ युनिटांचा राहतो. वरच्या टोकाला दशांशासाठी चढी किंमत मोजणे मला व्यवहाराचे वाटत नाही. तळाच्या टोकाला मात्र प्रत्येक दशांश मोलाचा आहे. जर्मनीच्या फ्राउनहोफर सौरऊर्जा संस्थेने जुन्या घरांतल्या पंपांची प्रत्यक्ष मोजणी करून २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्यात हवेवरच्या पंपांची वार्षिक सरासरी ३.१ भरली होती. आपल्या हिशेबातही आधी हाच आकडा धरावा, माहितीपत्रकातला नव्हे.

जुना_मेकॅनिक :

चौदा वर्षे ही यंत्रे दुरुस्त करतो आहे, म्हणून टिकाऊपणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ग्राहकाला धास्ती कॉम्प्रेसरची असते, पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत कॉम्प्रेसर क्वचित असतो. पहिला मान इन्व्हर्टरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या, बोर्डाचा, त्यानंतर गॅसची, म्हणजे पंपात फिरून उष्णता वाहणाऱ्या वायूची, गळती, मग पाण्याच्या बाजूचे सेन्सर आणि गाळाने तुंबलेली जाळी. जुन्या रेडिएटरांतला काळा लोखंडी गाळ न धुता नवा पंप जोडला, तर कंपनी कोणतीही असो, पहिल्या हिवाळ्यातच प्रवाह कमी झाल्याची सूचना पडद्यावर येते. आपण रेडिएटर जुनेच ठेवणार आहात, तेव्हा आतून धुणे आणि परतीच्या नळीवर चुंबकी गाळणी बसवणे या दोन बाबी दरपत्रकात आहेत की नाहीत ते आधी पाहावे.

स्प्लिट प्रकारात (एक युनिट बाहेर, एक आत) गॅसच्या नळ्या जागेवर जोडल्या जातात आणि तिथला फ्लेअरचा, म्हणजे नळीचे तोंड पसरवून नटाने आवळलेला, जोड हाच दुबळा दुवा ठरतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्यामुळे जोड झिरपू लागला की पितळी नटाच्या खालच्या कडेला तेलकट ओल येते आणि तिच्यावर धूळ बसून काळसर कडे तयार होते. मी आउटडोअर युनिटचे झाकण काढले की मीटर लावण्याआधी बोट फिरवून हे कडेच शोधतो. मोनोब्लॉकमध्ये, म्हणजे सगळे यंत्र बाहेरच्या एकाच युनिटात असलेल्या प्रकारात, गॅसचे सगळे काम कारखान्यात सीलबंद होते, त्यामुळे ही कटकट जवळपास नाहीशी होते. त्याऐवजी गोठणाऱ्या रात्री वीज गेली तर बाहेरच्या युनिटातले पाणी गोठून आतला उष्णता-विनिमयक फुटण्याची भीती असते. तिथे पाण्यात ते गोठू न देणारे ग्लायकोल घालावे किंवा गोठण्याआधी पाणी आपोआप सोडून देणारे व्हॉल्व्ह बसवावेत. यावर काटकसर करणारा ठेकेदार मी तरी निवडणार नाही.

नावांबद्दल थोडे. मित्सुबिशी इलेक्ट्रिक आणि मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, त्यामुळे ‘मित्सुबिशी चांगली’ हे मत ऐकले की आधी कोणती ते विचारावे. व्हीसमन या जर्मन कंपनीचा हीट पंपांचा व्यवसाय २०२४ च्या आरंभापासून अमेरिकेच्या कॅरियरकडे आहे. डायकिन आपले कॉम्प्रेसर स्वतः बनवते. मिडियाच्या समूहातली जीएमसीसी तर कॉम्प्रेसरच्या बड्या उत्पादकांपैकी एक आहे आणि इतर कंपन्यांनाही ते पुरवते. स्वस्त यंत्राच्या पोटातला माल हलकाच असणार, हा समज म्हणूनच सरसकट खरा नाही. मी फरक करतो तो सुट्या भागांवर. बोर्ड चार दिवसांत मिळते की सहा आठवड्यांत, यावर हिवाळा कसा जाणार ते ठरते.

गॅसचाही विचार व्हावा. आर-४१०ए असलेले उरलेसुरले यंत्र सवलतीत मिळाले तरी घेऊ नये. त्या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट असल्यामुळे अनेक देश त्याचा वापर टप्प्याटप्प्याने घटवत आहेत आणि पुढे तो भरणे महाग पडेल. आर-३२ साठी हाच आकडा ६७५ आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनसाठी जेमतेम ३. प्रोपेनवरचा व्हेलंटचा एरोथर्म प्लस ७५ अंशांपर्यंत पाणी देऊ शकतो, जी जुन्या रेडिएटरांसाठी जमेची बाजू आहे. मात्र प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने युनिटभोवती खिडक्या व गटाराची तोंडे यांपासून ठरावीक अंतर सोडावे लागते. आपल्या अंगणात ते बसते का, ते मोजून घ्यावे.

कुडकुड :

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, पण त्यांतून ‘कंपनी गौण आहे’ असा अर्थ कोणी काढू नये. आमच्याकडे एका नामवंत कंपनीचा पंप आहे, नाव लिहीत नाही. बसवताना तो गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घेतला गेला. ऐन कडाक्यात तो छान चालतो. पण बाहेर दहा-बारा अंश असले की नऊ मिनिटे चालतो आणि बारा मिनिटे बंद पडतो, हे मी खिडकीत घड्याळ घेऊन बसून मोजले आहे. मेनूमध्ये खोलवर दोन नोंदी सापडल्या : चालल्याचे तास ३,१०० आणि कॉम्प्रेसर सुरू झाल्याची संख्या १७,९००. भागाकार केला तर दर खेपेला सरासरी दहा-साडेदहा मिनिटे! अशा चालू-बंद होण्याने कॉम्प्रेसर झिजतो आणि वीजही जास्त जाते. दोष निवडीचा होता हे खरे, पण कमीत कमी किती किलोवॉटवर यंत्र स्थिर चालू शकते हा आकडा कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बराच बदलतो, आणि दरपत्रकात तो कधीच नसतो. शिवाय काही कंपन्या दोन क्षमतांच्या नावाखाली एकच यंत्र विकतात. फरक फक्त सॉफ्टवेअरने घातलेल्या कमाल मर्यादेचा असतो. तिथे लहान क्षमतेचे मॉडेल घेतले तरी खालची मर्यादा तीच राहते. तेव्हा दीड हजार चौरस फुटांना १२ किलोवॉट कुठून आले, हे मलाही कळलेले नाही.

आकडेमोड :

‘कुडकुड’ यांची शंका रास्त आहे. बॉयलर अजून चालतो आहे तोवर सर्वांत थंड दिवशी चोवीस तासांच्या अंतराने गॅस मीटरचे दोन आकडे टिपून घ्यावेत, म्हणजे घराची गरज अंदाजाने नव्हे तर मोजून कळेल.

नवीन_छप्पर :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात दोन रात्री पारा उणे ६ वर होता, तेव्हा मीटर वाचला. एका दिवसात १५० युनिट उष्णतेइतका गॅस जळला. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर घराला मिळाली १३२ युनिटे, चोवीसने भागून साडेपाच किलोवॉट. बारा नव्हेच! हे आकडे तिन्ही ठेकेदारांना पाठवले. दोघांनी सुधारित दरपत्रकात ७ किलोवॉटचे यंत्र घातले, त्यामुळे किमतीतली तफावतही कमी झाली. बाहेरच्या बोर्डाची किंमत आणि ते मिळायला लागणारे दिवसही विचारले. दोघांनी लेखी उत्तर दिले. तिसऱ्याचे म्हणणे असे की त्यांचा बोर्ड बिघडतच नाही, त्यामुळे तशी माहिती ठेवण्याची वेळच आलेली नाही.

जुना_मेकॅनिक :

मग त्या बोर्डाची दहा वर्षांची हमी, मजुरीसकट, त्यांच्याच सहीने हमीपत्रावर लिहून मागावी. दरवर्षीच्या सर्व्हिसिंगची अट आणि नोंदणीची मुदत त्यात कुठे बारीक अक्षरांत आहे, तेही त्यांच्यासमोरच वाचून घ्यावे.