युरिक ॲसिड ८.४ आलं, अटॅकचा धोका असते का?

कपाशीवाला (घाटंजीकडचा)
आमच्या बाबूजींचं वय ६१. बीपीची गोळी सुरू आहे. गावात तपासणीचं शिबिर झालं, त्यात युरिक ॲसिड ८.४ निघालं. अंगठा सुजत नाही, सांधे दुखत नाही, वावरात आजही माझ्यापेक्षा जास्त राबतात. पण रिपोर्ट वाटणारा पोरगा म्हणे, "काका, यानं अटॅक येते." तेव्हापासून आईनं तुरीचं वरण बंद केलं. घरची तूर कोठीत पडून अन् बाबूजी रश्श्यात भाकर कुस्करून खाऊन राह्यले. गोळी चालू करावी का?

बांधावरचा
वरण बंदच ठेवा भाऊ. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी द्या, महिन्यात उतरते.

औषधवाली ताई (आर्वी)
वरणाचा काय गुन्हा जी? अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांना १२ वर्षं पाहिलं, २००४ साली ते छापून आलं. मटण-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट (युरिक ॲसिडनं सांधे सुजून दुखायचा आजार) जास्त झाला, डाळी-भाज्यांनी नाही. बंद करायचंच तर कलेजी, बियर, कोल्ड्रिंक करा.

आता हृदयाचं. युरिक ॲसिड जास्त असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे खरं. पण त्याच माणसांना बीपी, शुगर, सुटलेलं पोट अन् कमजोर किडनीही असते, मग चोर कोणता ते कसं ठरवायचं? ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, पण गाऊट नसलेल्या साठीपुढच्या ५,७०० वर लोकांवर ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवायची गोळी, देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: अटॅक, लकवा, हृदयविकारानं होणारे मृत्यू, काहीच कमी झालं नाही. म्हणून त्रास नसताना नुसता आकडा पाहून सहसा गोळी देत नाहीत. ॲलोप्युरिनॉलनं क्वचित कोणाच्या अंगावर जिवावर बेतणारं पुरळही उठते. माझ्या काउंटरवर तर लोक शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून फेबुक्सोस्टॅट (तशीच दुसरी गोळी) मागतात, काय बोलावं!

बाबूजींच्या बीपीच्या गोळीचं पाकीट पाहा. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलं आहे का? त्यानं युरिक ॲसिड वाढते. रोजची ॲस्पिरिन घेत असतील तर तेही सांगा. अन् उन्हात वावरात पाणी किती पितात?

कपाशीवाला
ॲस्पिरिन नाही. पाणी म्हणाल तर एक बाटली, तीही अर्धी परत येते. पाकिटावर टेल्मिसार्टनच्या खाली बारीक अक्षरात क्लोरथॅलिडोन १२.५ आहे! मग ही गोळी थांबवू का?

औषधवाली ताई
अजिबात नाही! युरिक ॲसिडचा धोका वादाचा आहे, बीपीचा नाही. गोळी सोडली अन् बीपी चढला तर लकव्याची भीती खरी. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. लोसार्टन नावाच्या बीपीच्या गोळीनं युरिक ॲसिड थोडं उतरते, बदलायची का ते त्यांनाच ठरवू द्या. सोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर अन् कोलेस्टेरॉल करून घ्या. शिबिरात किडनीचं काहीच पाहिलं नाही, हे मला जास्त खटकलं.