शहराच्या मधोमधची जुनी थेटरं: वाचवायची की जाऊ द्यायची?

पडदाबहाद्दर:
काल रात्री डेट्रॉइटच्या मिशिगन थिएटरचे फोटो बघत बसलो. १९२६ चं थेटर, चारेक हजार खुर्च्या, आणि १९७० च्या दशकात आतलं सगळं उपसून चक्क पार्किंग केलं! वर प्लास्टरचं नक्षीदार छत अजून तसंच, त्याखाली गाड्या उभ्या. त्यात हेन्री फोर्डने १८९६ मध्ये पहिली गाडी जिथे बनवली ती शेड याच जागेवर होती म्हणे, म्हणजे गाडीने आपली जागा परत घेतली असं समजायचं. माझं मत सरळ आहे, सिनेमा चालो न चालो, अशी वास्तू आतून पोखरू देऊ नये.

रोखठोक:
फोटो बघून हळहळायला काय जातं हो. हजार खुर्च्यांत पन्नास माणसं बसली तरी एसी अख्ख्या हॉलचा लागतो. मल्टिप्लेक्सवाला गर्दी ओसरली की सिनेमा छोट्या हॉलमध्ये ढकलतो, एक पडदावाल्याला ती सोयच नाही. वर हेरिटेजचा शिक्का मारून मालकाला सांगायचं, बस आता गळतं छत बघत. आणि मिशिगन पूर्ण पाडलं नाही कारण चिकटून असलेल्या ऑफिसच्या इमारतीला धोका होता, आणि तिथल्या भाडेकरूंना गाड्या लावायला जागा हवी होती. पार्किंग झालं म्हणूनच छत उरलंय, हे पण लिहा की.

तिसरी_घंटा:
@रोखठोक, खर्चाचं मान्य, पण त्यावर तोडगे निघालेत. न्यूयॉर्कमध्ये १९८२ ला एका हॉटेलसाठी पाच जुनी थेटरं पाडली, प्रचंड बोंबाबोंब झाली. पुढे १९९८ मध्ये नियम असा केला की थेटराच्या डोक्यावरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क त्याच भागात दुसरीकडे विकता येतो, आपल्या भाषेत टीडीआर. मालकाला पैसे, थेटर जागेवर.

जुना_ऑपरेटर:
तुम्ही सगळे छतावरच अडकलात. मी बरीच वर्षं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काढली. जाड भिंती, भोकांएवढ्या खिडक्या आणि त्यांवर लोखंडी झडपा, कारण जुनी नायट्रेटची फिल्म पेटली की विझत नसे, झडपा पाडून आग आतच कोंडायची. दोन मशिनं, वीसेक मिनिटांचं एक रीळ, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसरं मशीन सुरू. दुरुस्ती करताना दर्शनी भाग चकाचक करतात आणि केबिन पहिली तोडतात, तिथे स्टोअररूम. काय वाचवलंत मग?

पडदाबहाद्दर:
@जुना_ऑपरेटर, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण वापर बदलला म्हणजे गेलंच असंही नाही ना. अर्जेंटिनात ब्युनोस आयरिसचं ग्रँड स्प्लेंडिड थेटर १९१९ चं, आता पुस्तकांचं दुकान आहे, प्रेक्षकांच्या जुन्या बॉक्समध्ये बसून लोक वाचतात, स्टेजवर कॅफे.

रोखठोक:
म्हणजे स्टेजवर कॉफी चालते आणि गाड्या चालत नाहीत. बरं. टीडीआरचं म्हणाल तर मालक हक्क विकून पैसे खिशात घालेल आणि थेटर पाच वर्षांनी "धोकादायक" ठरेल, लिहून ठेवा.

तिसरी_घंटा:
अहो पूर्ण वाचा तरी, तिथे हक्क विकणाऱ्याला ते थेटर नाटकासाठीच राखण्याचं बंधन आहे.

रोखठोक:
ही अट असेल तर माझी हरकत निम्मी संपली. निम्मीच.