मदत हवी: ६.५ च्या शिडाला ४६ सेंमीचा फिन मोठा होतोय का? (हिडकल)

नमस्कार मंडळी. मी हुक्केरी तालुक्यातला. विंडसर्फिंग गोव्यात शिकलो, आता सराव हिडकलच्या जलाशयात चालतो. बोर्ड १२० लिटरचा फ्रीराइड (सर्वसाधारण मजेसाठीचा), शीड ६.५ चौरस मीटर, फिन (बोर्डच्या मागे खाली बसणारं पातं) बोर्डसोबत आलेला ४६ सेंमीचा, पॉवर बॉक्स (फिन बसवायच्या खाचेचा एक प्रकार).

मध्यम वाऱ्यात काही तक्रार नाही. बोर्ड लवकर प्लेनिंगला येतो (म्हणजे पाण्याच्या वर उचलून सरकू लागतो), वाऱ्याच्या अंगालाही चांगला चढतो. पण पावसाळी पश्चिमेचा वारा जोर धरतो तेव्हा वेग एका जागी अडतो. शीड अजून ओढलं की बोर्डची वाऱ्याकडची कड उचलते आणि ती दाबून धरण्यातच पाय भरून येतात.

मला समजलंय ते असं. शिडाचा आडवा रेटा फिन पेलतो आणि त्याचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट झाला तर त्याच कोनात तोच फिन चौपट बळ देतो. म्हणजे वेगात लहान फिन पुरतो, जास्तीचं क्षेत्रफळ नुसतं पाणी ओढतं. २०१५ मध्ये फ्रेंच विंडसर्फर अंत्वान अल्बोने नामिबियात ल्युडेरिट्झच्या कालव्यात ५०० मीटरवर ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी साधारण ९८.७ किमी, वेग गाठला. असल्या वेगाला फिन अगदी आखूड लावतात.

मग ३८ सेंमीचा, उभा, जी-१० चा (काचतंतू आणि रेझिनचं कडक साहित्य) घ्यावा असं मनात आहे. भीती दोन गोष्टींची: स्पिन-आउट (फिनची पकड सुटून बोर्डचं शेपूट आडवं घसरणं) आणि काठाजवळच्या पाणवेली. उभ्या फिनला एक वेल अडकली तरी वेग जातो. मागे कललेला वीड फिन घेतला तर वेल निसटते, पण वेगाचं काय? सध्या एकच घेणं परवडेल. जाणकारांनी सांगा की.

प्रतिसाद: चोर्लापलीकडचा

दादा, कड उचलते म्हणजे फिन मोठाच होतोय. पण पैसे घालण्याआधी मास्टफूट (शिडाची काठी बोर्डला जोडणारा सांधा) दोन बोटं पुढे सरकवून बघा. बोर्ड शांत होईल, ते फुकट आहे. आणि फिनच्या पुढच्या कडेवरून नख फिरवा. खाच लागली तर ओल्या पॉलिश पेपरने घासून काढा. स्पिन-आउटमध्ये फिनच्या कमी दाबाच्या बाजूला वरून हवा शिरते नि पाण्याची पकड सुटते; अशी खाच त्याला वाट करून देते. लहान फिनवर प्लेनिंग धरेपर्यंत मागच्या पायाने आडवं ढकलू नका, आधी वेग येऊ द्या.

वेली रोजच्या असतील तर माझं मत वीड फिनला. तो खोलीला कमी भरतो, म्हणून क्षेत्रफळ जरा जास्त असलेला घ्या. स्वच्छ पाण्यात उभ्यापेक्षा थोडा मागे पडेल, वेलीत मात्र तोच पुढे.

हुक्केरीकर

आभार काका. मास्टफूट उद्याच सरकवतो. एक राहिलं: उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ उथळ होतो. तेव्हाही वीड फिनच चालवू का?

चोर्लापलीकडचा

चालवा. खोली कमी लागते, तळाला घासला तरी कललेला असल्याने वर सरकतो. फक्त दगड असतील तिथे प्लेनिंग करू नका.