शब्दचर्चा: ‘डिटेन्शन’ला काय म्हणायचं? अटक, कैद की स्थानबद्धता?

दुभाषी (न्यू जर्सी)
ओळखीच्या मराठी कुटुंबांना मी इमिग्रेशनचे कागद समजावून सांगते. वकील नाही, फक्त भाषा सांभाळते. गेल्या आठवड्यात एका काकूंसाठी अमेरिकेतल्या लेकन रायली कायद्याची माहिती मराठीत लिहून नेली. २९ जानेवारी २०२५ रोजी सही झालेल्या या कायद्याला जॉर्जियात फेब्रुवारी २०२४ मध्ये खून झालेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचं नाव दिलेलं आहे. माझं पहिलंच वाक्य होतं: ‘गंभीर गुन्हे करणाऱ्या परदेशी नागरिकांना अटक करण्याचा कायदा.’

काकूंनी ‘करणाऱ्या’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे भाच्याने चोरी केली असं कोर्टाने ठरवलं का?” भाच्यावर दुकानातून जाकीट उचलल्याचा आरोप आहे. खटला उभाही राहिलेला नाही.

घरी येऊन मूळ कलम पुन्हा वाचलं. कुणाला डिटेन्शनमध्ये ठेवायचं, याच्या त्यात चार वेगळ्या अवस्था आहेत: चार्ज्ड (आरोप ठेवलेला), अरेस्टेड (अटक झालेला), कन्व्हिक्टेड (दोष सिद्ध झालेला) आणि स्वतः कबुली दिलेला. माझ्या एका ‘करणाऱ्या’ने चारही गिळून टाकल्या होत्या. मला ‘चार्ज्ड’, ‘डिटेन्शन’ आणि ‘नॉनसिटिझन’ या तिन्हींना नीट शब्द हवेत. मदत करा.

जुना वकील (सातारा)
ताई, काकूंनी नेमकं बोट ठेवलं. आधी ‘चार्ज्ड’ घेऊ. आपल्याकडे ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणजे पोलिसांनी तक्रार नोंदवली, एवढंच. मग तपास, मग दोषारोपपत्र, मग कोर्टात आरोप निश्चिती. दोषसिद्धी त्याच्या कितीतरी पुढची पायरी. म्हणून ‘गुन्हा दाखल’ इथे चालणार नाही. ‘दोषारोप ठेवलेली व्यक्ती’ असं लिहा. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील. आणि ‘गुन्हेगार’ हा शब्द दोषसिद्धीच्या अलीकडे वापरूच नका.

‘डिटेन्शन’ला ‘अटक’ का नको, याचं उत्तर तुमच्याच कलमात आहे. त्यात ‘अटक झालेली’ व्यक्ती आधीच आहे. डिटेन्शनलाही अटक म्हटलंत तर ‘अटक झालेल्याला अटक करावी’ असं वाक्य होईल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ च्या मराठी मजकुरात ‘अटक व स्थानबद्धता’ असे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत. अटक ही एक घटना, स्थानबद्धता ही पुढे चालत राहणारी अवस्था. तोच शब्द घ्या.

कोर्टबीट (पुणे)
वकीलकाका, शब्द बरोबर आहे, पण वाचकाच्या कानाचं काय? आमच्या पानावर ‘स्थानबद्ध’ हा शब्द जवळजवळ एकाच बातमीत येतो: ‘एमपीडीएखाली सराईत गुंड वर्षभरासाठी स्थानबद्ध.’ खटल्याविना आत ठेवू देणाऱ्या १९८१ च्या त्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले आहेत. काकूंच्या भाच्याला ‘स्थानबद्ध’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सराईत गुंडच उभा राहणार.

आम्ही रोज ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यांत फरक करतो. ‘ताब्यात ठेवणे’ का नको? ‘नजरकैद’ मात्र सुचवू नका कुणी, ती घरातली.

जुना वकील (सातारा)
‘ताबा’ काही तासांचा वाटतो. इथे महिने जातात.

आणि गुंडाची आठवण येते म्हणून शब्द टाकायचा, हे मला पटत नाही. साम्य खरंच आहे. दोन्हीकडे खटला संपलेला नसतो, शिक्षा सुनावलेली नसते, तरी माणूस आत असतो. फरक सांगायचा तर असा: आपल्याकडे तीन महिन्यांच्या पुढे ठेवायचं तर प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावं लागतं. अमेरिकेत १९९६ पासून ज्या कलमाखाली ही सक्तीची स्थानबद्धता होते, त्यात जामिनावर सोडायचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशाला नाही. २००३ च्या डेमोर विरुद्ध किम खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरलं. पण तो किम ग्रीन कार्डधारक होता आणि त्याच्यावरचे गुन्हे सिद्ध झालेले होते. २०२५ च्या कायद्याने नुसत्या आरोपाला, नुसत्या अटकेलाही तोच परिणाम जोडला. म्हणून तर तुमचा ‘करणाऱ्या’ इतका महाग पडतो, ताई.

दुभाषी (न्यू जर्सी)
पटलं. ‘सक्तीची स्थानबद्धता’ घेते. पण आणखी एक अडचण. हे सगळं कायद्याच्या भाषेत ‘सिव्हिल’ आहे, म्हणजे दिवाणी. आपल्या कानाला दिवाणी म्हणजे बांधाची भांडणं, वाटणीपत्रं, भाडेकरू. भाचा काचेपलीकडे बसून फोनवर बोलतो, अंगावर तिथला गणवेश, आणि मी काकूंना सांगायचं की हे दिवाणी आहे?

जुना वकील (सातारा)
सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. देशाबाहेर काढणं ही शिक्षा नव्हे, असं तिथलं सर्वोच्च न्यायालय १८९३ पासून म्हणत आलंय. शिक्षा नाही, म्हणून फौजदारी खटल्यातलं संरक्षण नाही. गरीब आरोपीला चोरीच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याच माणसाला इमिग्रेशन कोर्टात वकील करायची मुभा आहे, पण खर्च त्याचा त्याने करायचा. काकूंना सांगा: ‘दोन वेगळी प्रकरणं आहेत, दोन वकील लागतील.’ ‘दिवाणी’ शब्द कंसात टाकू नका, वाक्यातच घ्या.

ग्रीनकार्डवाला (एडिसन)
‘परदेशी नागरिक’वर माझा आक्षेप. ज्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही, असाही माणूस या कायद्यात येतो. तो परदेशी नागरिक कसा? कायद्यात अजून ‘एलियन’ आहे, म्हणजे ‘परकीय’. ‘अनागरिक’ मला असंस्कृतच्या जवळचा वाटतो. ‘अमेरिकेचं नागरिकत्व नसलेली व्यक्ती’ असं सरळ लिहावं.

आणि ताई, पत्रकात हेही लिहा की २०२५ ची भर सगळ्यांना लागू नाही. तपासणी न होता देशात आलेले, खोटी माहिती देऊन आलेले किंवा प्रवेशाचे वैध कागद नसलेले यांच्यासाठी ती आहे. रीतसर व्हिसावर आलेल्या माणसाला या भरीची धास्ती घालू नका. त्याला धोका जुन्या भागाचा, म्हणजे दोषसिद्धीचा. तिथे ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ नावाचा शब्द बसलाय. मराठीत सगळे त्याला ‘गंभीर गुन्हा’ म्हणतात आणि फसतात. चोरीला एक वर्षाची शिक्षा सुनावली, ती सगळी स्थगित झाली आणि माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी तो गुन्हा या यादीत बसतो. आपण ‘यादीतला गुन्हा’ म्हणावं.

एक जाता जाता: ‘आप्रवासी’ लिहा, ‘अप्रवासी’ नको. पहिला आत येणारा, दुसरा प्रवास न करणारा.

कोर्टबीट (पुणे)
यादीवरून आठवलं, २०२५ च्या भरीतले गुन्हे मराठीत कसे घेतलेत? माझा प्रयत्न: घरफोडी, चोरी, दुकानातली उचलेगिरी, पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला आणि मृत्यू किंवा जबर दुखापत घडवणारा कोणताही गुन्हा. ‘थेफ्ट’ आणि ‘लार्सनी’ दोन्हींना आपल्याकडे चोरीच. ‘उचलेगिरी’ मुद्दाम सुचवतोय. तो शब्द ‘जबर दुखापत’च्या रांगेत बसलेला दिसला की त्या रांगेबद्दल वाचणारा स्वतः विचार करेल.

‘रिमूव्हल’ला, म्हणजे देशाबाहेर काढण्याला, ‘तडीपारी’ मात्र नको. तड म्हणजे काठ, ‘तडीस नेणे’मधली. आपली तडीपारी जिल्ह्याच्या हद्दीबाहेरची, फार तर दोन वर्षांची. तिथून काढलेल्याला यादीतल्या गुन्ह्यासाठी कायमची बंदी असते. ‘हद्दपारी’ बरा. ‘परत पाठवणी’ नको, पाठवणी लेकीची करतात.

दुभाषी (न्यू जर्सी)
सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालंय: ‘अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या आणि प्रवेशाचे वैध कागद नसलेल्या व्यक्तीवर या कलमात दिलेल्या उचलेगिरीसारख्या गुन्ह्याचा दोषारोप असेल, त्यासाठी अटक झाली असेल, दोष सिद्ध झाला असेल किंवा तिने कबुली दिली असेल, तर हद्दपारीच्या दिवाणी प्रकरणात तिची सक्तीची स्थानबद्धता होते. जामीन मिळत नाही.’

जुना वकील (सातारा)
शेवटचे तीन शब्द बदला. ‘जामीन मिळत नाही’ म्हटलं की वाटतं अर्ज केला, न्यायाधीशाने ऐकला आणि नाकारला. इथे ऐकणंच नाही. ‘जामीन मागण्याची सोय नाही’ असं लिहा. आणि खाली जोडा: ‘आपण या कलमात बसतच नाही, असं मात्र न्यायाधीशापुढे मांडता येतं.’

दुभाषी (न्यू जर्सी)
बदललं, खालची ओळही जोडली. काकू दर फोनला विचारतात, “जामिनाची तारीख कधी?” उद्या हे दोन्ही त्यांना वाचून दाखवते.