आईला लोहयुक्त पदार्थ पाठ, तरी बाळाचं हिमोग्लोबिन कमी. प्रश्नावलीत काय सुटतंय?

पोषण_सर्वेक्षण: ६ ते २४ महिन्यांच्या मुलांच्या आयांसाठी प्रश्नावली आहे. ‘लोह कशात असतं?’ याला बहुतेकींचं उत्तर बरोबर येतं: पालेभाज्या, डाळी, मांस, अंडं. पण ज्ञानाचे गुण आणि मुलाचं हिमोग्लोबिन यांचा मेळच बसत नाही. प्रश्न कसे बदलावेत?

आहारतज्ज्ञ_बाल: नावं विचारलीत, नावं मिळाली. विचारायला हवं ते प्रमाण. अमेरिकेच्या शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलीग्रॅम लोह लागतं. त्याच तक्त्यात प्रौढ पुरुषाला ८! बाळाने ३० ग्रॅम शिजलेला पालक खाल्ला तर त्यात लोह जेमतेम १ मिलीग्रॅम, आणि त्यातलंही अंगी लागतं ते काही टक्केच. म्हणजे ‘रोज पालेभाजी देते’ हे खरं असूनही पुरेसं नाही. मांस, मासे, यकृत यांतलं लोह बरंच जास्त शोषलं जातं. डाळ-भाजीच्या घासाबरोबर क जीवनसत्त्वाचं फळ द्यावं, फळ शिजवू नये. कडधान्यं भिजवून मोड आणले की फायटेट, म्हणजे लोह शोषू न देणारा धान्यातला घटक, घटतं.

मग प्रश्न असा करा: ‘काल सकाळपासून बाळाच्या पोटात काय काय गेलं? किती वाढलं, किती उरलं?’ उरलेलं विचारायला विसरू नका, निम्मं बहुधा तिथेच असतं.

बालरोग_ओपीडी: वरच्या यादीत दूध राहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. गाईच्या दुधात लिटरमागे लोह अर्धा मिलीग्रॅमही नसतं. पोट मात्र भरतं, त्यातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळांत आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मुख्य पेय म्हणून ते वर्षानंतरच, तेही दिवसाला ५०० मिलीच्या आत. ‘दूध भरपूर पितो’ हे आई कौतुकाने सांगते, प्रश्नावलीत तेच धोक्याचं उत्तर धरा. चहाही लोह शोषू देत नाही, त्याबद्दलही विचारा. अकाली किंवा कमी वजनाच्या बाळांचा लोहाचा साठा सहा महिन्यांआधीच संपतो, त्यामुळे जन्माचं वजन नोंदवलं नसेल तर तुलनाच फसते.

पोषण_सर्वेक्षण: लोहाचे थेंब सुरू असूनही हिमोग्लोबिन न वाढणारी मुलं आहेत. तिथे काय तपासावं?

बालरोग_ओपीडी: आधी बाटली मागवून घ्या. लेबलवर क्षाराचं वजन आहे की शुद्ध लोहाचं? १०० मिलीग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह सुमारे २०, फ्युमरेटमध्ये ३३, ग्लुकोनेटमध्ये १२. उपचाराचा नेहमीचा डोस किलोमागे रोज ३ मिलीग्रॅम शुद्ध लोह, म्हणजे १० किलोच्या मुलाला ३०, ठरवायचा डॉक्टरांनीच. थेंबांची बाटली संपून सिरप आणलं, पण मापाला जुनाच ड्रॉपर राहिला, ही ठरलेली चूक. दुधात मिसळून दिलं तरी वाया. शी काळी झाली म्हणून परस्पर बंद करणाऱ्याही बऱ्याच, लोहाने शी काळी होतेच, हे आधीच सांगावं.

डोस नीट जात असेल तर ४ आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) बघा, पण बाळाला ताप-संसर्ग असेल तर ते फसवं चढतं. फेरिटिन नॉर्मल आणि लाल रक्तपेशी बारीक असतील तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची) तपासणी करा. लोह वाढवत बसू नका.

आहारतज्ज्ञ_बाल: आणि एक प्रश्न हमखास घाला: ‘बाटली कुठे ठेवता?’ लहान मुलाने गोड सिरप एकदम प्यायलं तर लोहाची विषबाधा जिवावर बेतते.